जमिनीखालचे कात्रज : नगरविस्तार, पुरातत्त्वीय शोध आणि स्थानिकांचा वाटा

शहर वाढते ते आडवे आणि उंच वाढते असे सर्वसाधारणपणे मानले जाते. प्रत्यक्षात गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातील शहरे जमिनीच्या खालीही तितक्याच वेगाने वाढली आहेत. इमारतींच्या पायांबरोबर दोन-तीन मजली तळघरे, मैलापाण्याच्या नलिका, केबलींचे चर आणि आता भुयारी मेट्रो यांमुळे पूर्वी ज्या खोलीपर्यंत फक्त विहिरी पोचत होत्या, तेथपर्यंत यंत्रे सर्रास पोचू लागली आहेत. या खोदाईत जुन्या वस्तीचे आणि बांधकामांचे अवशेष हाती लागणे हे अपघाताने घडणारे म्हणून बातमीचा विषय होते, पण खोदाईचे प्रमाण पाहता ते अपेक्षितच धरायला हवे. अशा अवशेषांचे पुढे काय होते, त्यांविषयी निर्णय कोण घेतो आणि त्या निर्णयात तेथे राहणाऱ्या लोकांना कितपत स्थान असते, हा प्रश्न पुण्याच्या दक्षिणेकडील कात्रज परिसराच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे तपासता येतो, कारण येथे जमिनीखाली काय आहे हे मोठ्या प्रमाणात आधीपासूनच माहीत आहे.

कात्रजचा तलाव आणि तेथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेणारी भुयारी नळयोजना बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत, १७४९च्या सुमारास हाती घेण्यात आली आणि पुढील काही वर्षांत ती पूर्ण झाली. शनिवारवाड्याचे बांधकाम १७३० मध्ये सुरू होऊन १७३२ मध्ये वास्तुशांत झाली होती. त्याच्या भोवती पेठा वसत गेल्या तशी नदी आणि आडांवर भागणारी पाण्याची गरज भागेनाशी झाली. कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्यावर बांध घालून दोन तलाव करण्यात आले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि खालच्या तलावातून तुलनेने स्वच्छ पाणी शहराकडे सोडावे, अशी त्यामागील योजना होती. तेथून पुढे सुमारे आठ ते दहा किलोमीटर अंतर केवळ जमिनीच्या उताराच्या आधाराने पाणी वाहत जाई. दगड आणि चुन्यात बांधलेली, वरून बंद केलेली ही नळ बऱ्याच ठिकाणी माणसाला आत उतरून चालता येईल इतकी उंच आहे, आणि हा प्रशस्तपणा पाण्याच्या मापापेक्षा साफसफाईच्या सोयीसाठी ठेवलेला दिसतो.

या योजनेतील दोन घटक समजून घेतल्याखेरीज आजच्या प्रश्नाचे स्वरूप कळत नाही. पहिला घटक म्हणजे उच्छ्वास. बंदिस्त नळीतून पाणी वाहताना आत कोंडलेली हवा बाहेर पडली नाही तर प्रवाह अडतो आणि दाब वाढून बांधकामास धोका पोचतो. म्हणून नळीवर ठरावीक अंतराने दगडी मनोरे किंवा बांधीव तोंडे काढून हवेस वाट करून दिलेली असते, आणि त्यांतूनच आत उतरून गाळ काढता येतो. जमिनीखालची नळ कोठून जाते याची जमिनीवर दिसणारी खूण उच्छ्वासाखेरीज दुसरी नाही. दुसरा घटक म्हणजे हौद. शहरात पोचल्यावर हे पाणी खापरी नळांतून बाहुलीचा हौद, काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेचा हौद अशा सार्वजनिक हौदांत आणि काही वाड्यांत वाटले जाई. पुढे नाना फडणवीसांच्या काळात आंबेगावाकडूनही पाण्याची स्वतंत्र नळ आणण्यात आली, त्यामुळे कात्रज-आंबेगावचा संपूर्ण पट्टा हा अठराव्या शतकातील पुण्याचे पाणलोट क्षेत्र होता असे म्हणता येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाल्यावर कात्रजच्या पाण्याचे महत्त्व हळूहळू ओसरले. नळ मात्र जागेवरच राहिली आणि काही हौदांना त्यानंतरही दीर्घकाळ पाणी पुरवीत राहिली. ज्या रचनेचा वापर थांबतो, पण जी पाडलीही जात नाही, ती कागदोपत्री कोणाचीच राहत नाही. पुढील सगळ्या अडचणींचे मूळ येथे आहे.

कात्रज गावाच्या शेतजमिनींवर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गृहरचना संस्था, महाविद्यालये, दुग्धालय, प्राणिसंग्रहालय आणि महामार्गालगतची बाजारपेठ उभी राहिली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्दसह ११ गावे महापालिकेत आली, आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावांची भर पडली, ज्यांत कात्रजच्या डोंगराच्या कुशीतील भिलारेवाडी, मांगडेवाडी, जांभूळवाडी आणि गुजर-निंबाळकरवाडी या वस्त्या होत्या. हद्दवाढीचा अर्थ प्रशासकीय भाषेत विकास आराखडा, रस्तारुंदी आणि आरक्षणे असा होतो. जमिनीच्या भाषेत तो असा, की आजवर नांगराच्या खोलीपलीकडे न गेलेली माती काही वर्षांत वीस-तीस फूट उकरली जाते.

शहराच्या जुन्या भागात अशा खोदाईने काय दिले याची उदाहरणे पुण्यात पुरेशी आहेत. कसबा पेठेच्या कुंभारवाड्यात डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीस केलेल्या मर्यादित उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे पुरावे मिळाले आणि त्यामुळे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८ व ७६८च्या ताम्रपटांपर्यंतच मागे जाणारा पुण्याचा इतिहास आणखी काही शतके मागे गेला. २०१९च्या मार्चमध्ये स्वारगेट येथे मेट्रोच्या बहुवाहतूक केंद्राची खोदाई चालू असताना जमीन खचून पन्नास मीटरांहून अधिक लांबीची बांधीव नळ उघडी पडली, आणि तिचा संबंध अभ्यासकांनी शहराच्या जुन्या पाणीपुरवठ्याशी जोडला. २०२० मध्ये मंडई स्थानकाच्या खोदाईत मोठ्या प्राण्याची, बहुधा हत्तीची, हाडे मिळाली. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे मजुरांना सापडलेली २१६ सुवर्णनाणी २०२१ मध्ये पोलिसांनी जप्त केली. ही चारही उदाहरणे वरवर एकाच जातीची वाटली तरी पुरातत्त्वाच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. कसब्यातील शोध हा प्रश्न मनाशी धरून, थरामागून थर नोंदवत केलेल्या कामाचे फळ होते. मातीचा प्रत्येक थर हा एका काळाचा असतो आणि वस्तू कोणत्या थरात कोणाच्या शेजारी होती हे कळले तरच तिचा अर्थ लागतो, हे थरविज्ञानाचे मूळ तत्त्व तेथे पाळले गेले. चिखलीची नाणी मात्र आपल्या जागेपासून तुटून हाती आली; त्यांवरचे लेख वाचता येतात, पण ती तेथे कोणी आणि कोणत्या प्रसंगी पुरली हे सांगणारी माती एव्हाना कोठल्यातरी भरावात गेली असते.

चिखलीच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट दिसते आणि ती कायद्याशी निगडित आहे. १८७८च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास शोधणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास शिक्षा आहे. पण त्याच कायद्यात शोधणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. पुरणारा मूळ मालक सिद्ध झाला नाही आणि दुसरा काही करार नसेल, तर निधीचा तीन चतुर्थांश भाग शोधणाऱ्याचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा धरला जातो, आणि सरकारने तो निधी स्वतःकडे घ्यायचा ठरवल्यास मूळ धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम देऊन घ्यावा लागतो. कायद्यातील शिक्षेची बाजू सर्वांना ऐकून ठाऊक असते. मोबदल्याची बाजू खोदकाम करणाऱ्या मजुरापर्यंत पोचवण्याचे काम कोणी अंगावर घेतलेले दिसत नाही. मराठवाड्यातून, विदर्भातून किंवा परराज्यातून आलेला हा मजूर जमिनीखालचा अवशेष सर्वांत आधी पाहतो, आणि तरीही 'स्थानिक समाजा'च्या कोणत्याही व्याख्येत तो बसत नाही. सहभागाच्या चर्चेत सर्वांत आधी विसरला जाणारा माणूस तो असावा, हे विचित्र आहे.

उरलेले कायदे कात्रजच्या नळीसाठी बनलेलेच नाहीत. केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीने स्मारकाभोवतीचे १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापलीकडील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरवले. हा नियम किती परिणामकारक ठरू शकतो हे पुण्याने अनुभवले आहे, कारण आगाखान पॅलेसच्या सान्निध्यामुळे वनाज-रामवाडी मेट्रोचा मार्ग कल्याणीनगरातून वळवावा लागला. पण ही सारी मांडणी स्मारकाला एक बिंदू मानते. वाडा, लेणे, देऊळ यांच्याभोवती वर्तुळ आखता येते; आठ-दहा किलोमीटर लांब, जमिनीखालून जाणाऱ्या आणि शेकडो खासगी मिळकतींच्या पोटातून गेलेल्या रेषेभोवती असे वर्तुळ आखायचे म्हटले तर अर्धे दक्षिण पुणे गोठवावे लागेल, आणि ते कोणी करणार नाही व करूही नये. राज्याचा १९६०चा स्मारकविषयक कायदाही मूलतः याच घडणीचा आहे. परिणामी अशी नळ कायद्यापुढे एकतर संपूर्ण स्मारक ठरते किंवा काहीच ठरत नाही, आणि बहुतेक वेळा दुसरेच घडते.

ज्या भूखंडाखालून नळ जाते त्याच्या सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर तिची नोंद नसते. बांधकाम परवानगीच्या अर्जात तिच्याविषयी रकाना नसतो. पाया खणताना दगडी भिंत लागली किंवा अनपेक्षित पाणी आले, तर ठेकेदारापुढे दोन वाटा असतात : कळवायचे आणि काम अनिश्चित काळ बंद पडण्याचा धोका पत्करायचा, किंवा पंप लावून पाणी उपसायचे आणि रातोरात काँक्रीट ओतायचे. पहिल्या वाटेला दंड पडतो आणि दुसरीला बक्षीस मिळते, अशीच आजची व्यवस्था आहे. म्हणून बांधकाम व्यावसायिकांच्या अनास्थेवर कोरडे ओढण्यापेक्षा ही उलटी गणिते सुलटी करणे अधिक उपयोगाचे आहे. वारसा इमारतींच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे जागेवर न वापरता आलेले बांधकाम क्षेत्र अन्यत्र वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, देण्याची पद्धत महाराष्ट्रात रुळलेली आहे. तोच लाभ भूमिगत रचनेवरचा पट्टा मोकळा सोडणाऱ्याला मिळाला, आणि अवशेष कळवल्यापासून पाहणी व नोंद पूर्ण करण्यास ठरावीक दिवसांची मुदत बांधून दिली, तर लपवण्याचे कारण बऱ्याच अंशी नाहीसे होते. अशा मुदतबंद कामाला बचाव-उत्खनन म्हणतात : बांधकाम टाळता येत नसेल तेथे निदान नष्ट होण्याआधी अवशेषांची मोजणी, छायाचित्रण, रेखाटन आणि नमुने घेऊन त्यांचे दस्तऐवजीकरण करणे. युरोपात १९९२च्या व्हॅलेट्टा करारानंतर अशा कामाचा खर्च बांधकाम करणाऱ्याने उचलावा हे तत्त्व सामान्यतः मान्य झाले आहे. भारतात ते कायद्याने लागू नाही. मेट्रोसारख्या सार्वजनिक प्रकल्पांत, जेथे हजारो कोटींचे अंदाजपत्रक असते, ते संकेत म्हणून पाळायला तरी अडचण नसावी.

स्थानिकांच्या सहभागाचा मुद्दा येथे येतो. सध्या प्रचलित असलेली पद्धत अशी, की अवशेष उघडा पडतो, वृत्तपत्रांत 'पेशवेकालीन भुयार सापडले' असा मथळा येतो, बघ्यांची गर्दी होते, तज्ज्ञ येऊन पाहून जातात आणि काही दिवसांनी पत्रे ठोकून काम पुढे सुरू होते. पुण्यात सापडलेले प्रत्येक भुयार शनिवारवाड्यातून सिंहगडाला किंवा पर्वतीला जाते अशी लोकांची खात्री असते, आणि पाण्याची नळ ही पलायनाच्या वाटेपेक्षा कितीतरी अधिक बुद्धीची गोष्ट आहे हे त्या गदारोळात सांगायचे राहून जाते. या साऱ्यात लोकांना प्रेक्षकाची भूमिका मिळते. तीही उशिरा.

कात्रजसारख्या ठिकाणी लोकांचा खरा उपयोग खोदाईच्या आधी आहे. जुन्या गावठाणातील वयस्कर माणसांना कोणत्या शेताच्या बांधावर उच्छ्वास होता, कोणत्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यातही नळीच्या पाझरामुळे हटत नसे, रस्ता रुंद करताना कोणता दगडी मनोरा पाडला, हे ठाऊक असते. या माहितीला नकाशाशी जोडता आले तर नळीचा मार्ग कोणत्याही महागड्या उपकरणाआधी बऱ्याच अचूकपणे आखता येतो. भूवेधी रडार, म्हणजे जमिनीत लहरी सोडून त्यांच्या परावर्तनावरून पोकळी ओळखणारे यंत्र, त्यानंतर मोजक्या ठिकाणी लावले की भागते. दुसरीकडे पेशवे दफ्तरातील मोडी कागद आहेत आणि ते वाचणारे हौशी अभ्यासक पुण्यात आजही तयार होत आहेत. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने घडवलेली कागद जमवण्या-वाचण्याची परंपरा हे या शहराचे विशेष बळ आहे. मात्र हे बळ आजवर पेठांपुरते आणि राजकीय इतिहासापुरते अधिक वापरले गेले. पाणी, गाळ, गवंडीकाम आणि उपनगरे यांकडे ते पुरेसे वळले नाही.

स्थानिक लोक आधीच जाणते असतात याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कोकणातील कातळशिल्पांचे आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या सड्यांवरील या खोदचित्रांची गुराख्यांना आणि गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहिती होती. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून ती माहिती गोळा केली, जागा नोंदवल्या, आणि २०२२ मध्ये त्यांपैकी काही स्थळे युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. मुंबईत साष्टी बेटावर सूरज पंडित, कुरुष दलाल आणि मुग्धा कर्णिक यांच्या पुढाकाराने झालेल्या शोधमोहिमेत विद्यार्थी आणि हौशी कार्यकर्त्यांनी दाट वस्तीच्या गल्ल्यांतून वीरगळ, गद्धेगळ आणि मंदिरांचे भग्न भाग नोंदवले. दोन्ही ठिकाणी खणण्याआधी चालणे आणि विचारणे होते. लंडनमध्ये क्रॉसरेल या भुयारी रेल्वेच्या कामात लिव्हरपूल स्ट्रीटजवळची जुनी दफनभूमी उघडी पडणार हे आधीच ठाऊक होते. तेथे पुरलेल्यांची नावे जुन्या चर्चच्या नोंदवह्यांतून शोधून काढण्याचे काम स्वयंसेवक नागरिकांवर सोपवले गेले. रोममध्ये सॅन जोव्हान्नी स्थानकात खोदाईत मिळालेल्या वस्तू थरांच्या क्रमानेच मांडल्या आहेत, त्यामुळे जिना उतरणारा प्रवासी शतके उतरत जातो.

कात्रजपुरते बोलायचे तर 'स्थानिक' कोण हा प्रश्नही सरळ नाही. गावठाणातील मूळ घराण्यांना जागेची आठवण आहे, पण जमीन विकली गेल्याने तिच्यावरचा हक्क नाही. सोसायट्यांतील रहिवासी सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा येथून आलेले असून त्यांच्याकडे हक्क आहे, आठवण नाही. आणि आपल्या इमारतीखालून पेशव्यांची नळ जाते हे कळल्यावर त्यांची पहिली प्रतिक्रिया अभिमानाची नसून पुनर्विकास अडेल या धास्तीची असण्याची शक्यता अधिक. ही धास्ती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे सोयीचे असले तरी चुकीचे ठरेल. तिला उत्तर नियमांतूनच द्यावे लागते. कोणत्या परिस्थितीत बांधकाम थांबेल, किती काळ थांबेल, भरपाई कोणती, हे आधी लिहून दिलेले असेल तरच वारशाविषयीच्या सभेला लोक मोकळ्या मनाने येतात. शिवाय सहभागाचे धोकेही आहेत. गुप्तधनाची अफवा उठली की रात्रीत उकराउकर होते. अर्धवट ओळखलेल्या अवशेषावर कोणत्यातरी अस्मितेचा झेंडा रोवला गेला की त्याचा शांतपणे अभ्यास करणे अशक्य होते. अशा वेळी अवशेष काय आहे आणि काय नाही हे लगेच, सोप्या मराठीत आणि जागेवरच फलक लावून सांगणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तोच क्वचित योजला जातो.

या सहभागासाठी नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा हाताशी असलेली वापरता येईल. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही ही कल्पना रूढ केली, जिच्यामागे पुण्याच्याच माधव गाडगीळांचे मोठे काम आहे. तिच्या धर्तीवर प्रभागनिहाय वारसा नोंदवही ठेवता येते, जिच्यात उच्छ्वास, बारव, वीरगळ, जुने बांध यांची जागा, छायाचित्र, सांगणाऱ्याची माहिती आणि पडताळणीचा शेरा असेल, आणि जी नगररचना विभागाच्या नकाशाला जोडलेली असेल. हा शेवटचा दुवा नसेल तर ती नोंदवही कपाटातच राहील. पुणे महापालिका २००६पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी प्रभागातील कामे मागवते. त्यात पदपथ आणि बाकांबरोबर एखाद्या उच्छ्वासाची डागडुजीही मागता येते.

नळीचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही हे २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री दिसले. त्या रात्री कात्रज परिसरातील अतिवृष्टीने आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या भागांत मोठी हानी झाली आणि अनेकांचे प्राण गेले. ज्या ओढ्यावर पेशव्यांनी तलाव बांधले आणि ज्याचे पाणी नळीने नेले, त्याचेच पात्र अडीच शतकांनंतर बांधकामांनी अरुंद झालेले होते. अठराव्या शतकातील पाणीव्यवस्थेचा अभ्यास म्हणजे या खोऱ्यात पाणी कोठून उतरते, कोठे मुरते आणि कोठे अडवता येते याचाही अभ्यास आहे. पुरातत्त्व आणि पूरनियंत्रण यांची दफ्तरे वेगळी असली तरी ओढा एकच आहे. पुरात घर भिजलेल्या माणसाला जुन्या नळीविषयी आस्था वाटावी असे कारण याहून जवळचे दुसरे देता येणार नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने स्वारगेट ते कात्रज या सुमारे साडेपाच किलोमीटरच्या संपूर्ण भुयारी मेट्रो मार्गाला मंजुरी दिली असून त्या वेळी त्याचा अंदाजित खर्च २,९५४ कोटी रुपये आणि पूर्णत्वाचे उद्दिष्ट फेब्रुवारी २०२९ असे ठेवले होते. जुनी नळ कात्रजहून शहराकडे ज्या पट्ट्यातून उतरते तोच हा पट्टा आहे. बोगदा खोल असल्याने बोगदायंत्राची नळीशी गाठ पडण्याची शक्यता कमी. धोका आहे तो वरून खणल्या जाणाऱ्या स्थानकांच्या पेट्यांना, प्रवेशजिन्यांना, वायुवीजनाच्या विहिरींना आणि त्यांच्यासाठी हलवाव्या लागणाऱ्या पाणी व मैलापाण्याच्या नलिकांना. या जागा आराखड्यावर मोजक्या आहेत आणि नळीचा मार्ग उच्छ्वासांवरून आखता येण्याजोगा आहे. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून कोणत्या स्थानकाच्या हद्दीत कोणता भाग येतो हे खोदाईच्या निविदेतच नमूद करणे, त्या ठिकाणी पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीची अट घालणे, आणि खोदणाऱ्या मजुरांना कामाच्या पहिल्या दिवशी सुरक्षिततेच्या सूचनांबरोबर काय दिसल्यास कोणाला कळवायचे हे त्यांच्या भाषेत सांगणे, एवढे केले तर स्वारगेटला २०१९ मध्ये जे जमीन खचल्यावर कळले ते याच मार्गावरील बालाजीनगर किंवा पद्मावतीला आधी कळेल.